वेतुरियसचा उजवा हात

मी पैसे घेऊन रडते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याला कोणी भुलणार नाही. रोममध्ये एखाद्या मोठ्या घरात माणूस गेला की त्या घरचा कारभारी लिबितिनादेवीच्या राईत येतो. मेलेल्यांची कामं करणारे आम्ही सगळे तिथेच बसलेले असतो. प्रेताचा पलंग उचलणारे, शिंगवाले, बासरीवाले, केस सोडून छाती बडवणाऱ्या आम्ही बायका, आणि सोंगाडे. माझं नाव नेविया. रडणाऱ्या बायकांची मी म्होरकी. मी सूर लावते, बाकीच्या तो उचलतात.

आमच्यातला सोंगाड्या म्हणजे अमारांत. सोंगाडे तसे पुष्कळ होते, पण शहाणे लोक अमारांतलाच मागायचे. मोठ्या घरांत मेलेल्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा करतात. तो चढवून, त्याचेच कपडे नेसून सोंगाड्याने प्रेताच्या पुढे चालायचं असतं. चालायचं त्याच्यासारखं, खोकायचं त्याच्यासारखं आणि बोलायचंही त्याच्यासारखं. मागे पलंगावर माणूस आडवा पडलेला आणि पुढे तोच माणूस लोकांची थट्टा करत चाललेला. त्या दिवशी मेलेल्याच्या खोड्या चव्हाट्यावर मांडायची सोंगाड्याला मुभा असते, घरचे राग मानत नाहीत. एका तेलाच्या व्यापाऱ्याचं सोंग अमारांतने असं काही काढलं होतं, की त्या व्यापाऱ्याची बायको छाती बडवता बडवता थांबली आणि "पुन्हा पिऊन आलास ना?" म्हणून त्याच्यावर खेकसली. आम्हा बायकांची हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

मुखवट्याबाहेरचा अमारांत मात्र अगदीच साधा. बुटका, पोट सुटलेला, कान मोठे. उकडलेले हरभरे मुठीत घेऊन एकेक खात बसायचा. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की अडखळायचा.

"अरे, दुसऱ्याच्या तोंडानं एवढा घडाघडा बोलतोस," मी त्याला म्हणायचे, "मग स्वतःच्याच तोंडाला काय कुलूप लागतं?"

"माझ्या तोंडाला विचारतंय कोण, नेविया?" तो म्हणायचा.

ते खरंच होतं. आमच्या शहरात सोंगाड्याची साक्ष न्यायाधीशापुढे चालत नाही. त्याचा शब्द कायद्याच्या लेखी शब्दच नव्हे. ज्याच्या बोलण्यावर हजारो माणसं हसतात त्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, असं आमच्या वाडवडिलांनी ठरवून ठेवलंय.

अमारांत जन्मला तो वेतुरियस घराण्यात, गुलाम म्हणून. त्याच वर्षी त्या घरात लुसियस वेतुरियस जन्मला, धनी म्हणून. दोघं एका अंगणात वाढले. लुसियसला शिकवायला येणारा ग्रीक पंतोजी पाठमोरा झाला की अमारांत त्याची नक्कल करायचा आणि लुसियस हसून हसून लोळायचा. लुसियसच्या बापाने म्हातारपणी अमारांतला मोकळं केलं. मोकळा झालेला माणूस आपल्या मालकाचं नाव पुढे लावतो, तसं यालाही मिळालं: लुसियस वेतुरियस अमारांत. नावात दोन तृतीयांश मालक आणि उरलेला हा, असं मी त्याला चिडवायचे.

पण तो मोकळा झाला तेव्हा त्याची बायको तिखे त्याच घरात चुलीपाशी होती, गुलामच होती. तिला मुलगी झाली. आमच्याकडे मूल आईच्या मागे जातं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कितीही मोकळा असो. तिखे तापाने गेली आणि मुलगी क्रेस्ते वेतुरियसच्या घरात वाढली. हातात कसब होतं तिच्या. मालकिणीचे केस तापल्या सळईवर कुरळे करून असे रचायची, की त्या ओबडधोबड बाईचा चेहराही उठून दिसायचा. भट्टीवर काम करणारा एक भला माणूस क्रेस्तेच्या मागे होता. तिलाही तो आवडायचा. पण ती त्याला सारखी थांबवून ठेवायची.

"मावशी, मला मूल झालं तर ते या घराचं होणार," ती एकदा मला म्हणाली. "माझ्या पोटातून यायचं आणि दुसऱ्याच्या मालकीचं व्हायचं. नको. बाबा म्हणतात, थोडी कळ काढ."

बाबा असं का म्हणत होते, ते सांगते.

लुसियस वेतुरियस एका हिवाळ्यात फार आजारी पडला. वाचला, पण मरणाची भीती त्याच्या मनात कायमची घर करून राहिली. बरा झाल्यावर त्याने अमारांतला जेवणघरात बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमारांत राईत धावतच आला, आणि दोघांच्या आवाजात सगळं बोलणं त्याने मला जसंच्या तसं करून दाखवलं.

"अमारांत, मी गेल्यावर माझं सोंग तूच काढणार ना?"

"धनी, आधी जा तर खरे. मग बघू."

"थट्टा नको. त्या तेलवाल्याचं तू काय केलंस ते मी पाहिलंय. माझ्यावर लोक असे हसलेले मला चालणार नाहीत."

"मग त्यांनी कशावर हसायचं, धनी? सोंग बघायला येतात लोक."

"टकलावर हसू देत. घोरण्यावर हसू देत. पण माणूस म्हणून मी मोठा दिसलो पाहिजे. तू मला मोठा कर. त्याच्या बदल्यात काय हवं ते माग."

अमारांतने मागून मागून काय मागावं? क्रेस्ते. वेतुरियसने क्षणभर विचार केला आणि नोकराला पांढरं कापड आणायला सांगितलं. आमच्याकडे दिल्या शब्दाची देवी आहे, फिदेस. तिचं ठाणं माणसाच्या उजव्या हातात असतं. तिचे पुजारी उजवा हात बोटांपर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून तिची पूजा करतात. वेतुरियसने तसाच आपला हात गुंडाळला आणि अमारांतच्या हातात दिला.

"मी मेलो त्या दिवशी तुझी मुलगी मोकळी. हा माझा उजवा हात."

"आणि नेविया," अमारांत मला म्हणाला, "माझ्या डोळ्यांत बघत होते गं. पापणी लवली नाही."

"साक्षीला कोण होतं?"

"कोण असणार? पाणी घालणारा नोकर होता."

"म्हणजे कोणी नव्हतं. गुलामाची साक्ष कुठे चालते?"

"हात होता की," तो म्हणाला.

त्या दिवसापासून अमारांत वेतुरियसचा अभ्यास करायला लागला. रोज उजाडता उजाडता त्या घरच्या दिवाणखान्यात नमस्काराला येणाऱ्यांची रांग लागते. त्या रांगेत हा सगळ्यांत मागे उभा राहायचा. वेतुरियस टोग्याची घडी खांद्यावर कशी सरकवतो, बोलण्याआधी घसा कसा साफ करतो, आवडता माणूस दिसला की कानाची पाळी कशी चोळतो, नावडता दिसला की छताकडे कसा बघतो. राईत परत आला की आम्हाला करून दाखवायचा. बासरीवाले उठून उभे राहायचे, इतका हुबेहूब. वेतुरियस थकत गेला तसा याचाही गुडघा दुखायला लागला. मी म्हटलं, "दुखणं तरी स्वतःचं ठेव मेल्या." तर म्हणाला, "शिकून झालंय, आता निघत नाही."

नेपल्सच्या एका नाटकमंडळीने त्याला बोलावलं. मोठा रंगमंच, राहायला जागा, वर मानपान. गेला नाही. "मी तिकडे असताना धनी गेले तर?" एवढंच त्याचं म्हणणं. मंडळी दुसऱ्याला घेऊन गेली. तो दुसरा आता पालखीतून फिरतो.

एकच गोष्ट तो सोंगात घेत नव्हता. वेतुरियसची सगळ्यांत ठळक लकब कोणती, हे रोममधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोणी काही मागायला आलं की तो उजवा हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "काळजी करू नकोस. हा माझा उजवा हात."

"हात घे की सोंगात," मी म्हटलं. "लोक हसून मरतील."

"नाही."

"अरे, टक्कल सगळ्यांनाच पडतं. वेतुरियस म्हटल्यावर हातच आठवतो."

"नाही म्हटलं ना!" एरवी आवाज न चढवणारा माणूस माझ्यावर ओरडला. "तो हसायचा नाही, नेविया. तो माझा आहे."

"रांगेतल्या प्रत्येकाला देतो रे तो."

"त्यांना नुसता देतात. उघडा. माझ्या वेळी कापड होतं."

मग मी तो विषय काढला नाही. कापडाचा त्याला एवढा आधार होता, की ते ओढून घ्यायला मला धीर झाला नाही.

वर्षं गेली. क्रेस्तेच्या केसांत पांढरी तार दिसायला लागली. भट्टीवाला मात्र अजून थांबलेला होता. सुट्टीच्या दिवशी तो तिच्यासाठी मध लावलेली पोळी घेऊन मागच्या दाराशी यायचा. आणि शेवटी एका शरद ऋतूत लुसियस वेतुरियस मेला.

कारभारी राईत आला तेव्हा अमारांत हरभरे खात होता. बातमी ऐकून तो उठला, हात पुसले आणि रडायला लागला. खरंखुरं. बालपणाचा सोबती गेला म्हणून रडत होता, आणि त्याच वेळी मुलगी सुटली म्हणून त्याचे ओठ हसत होते. मी इतकी वर्षं माणसांची तोंडं बघतेय, पण तसं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

अंत्ययात्रेच्या सकाळी आम्ही सगळे वेतुरियसच्या दिवाणखान्यात जमलो. भिंतीतल्या कपाटांतून पूर्वजांचे मुखवटे निघाले होते आणि दुसरे सोंगाडे ते चढवत होते. खुद्द वेतुरियसचा मुखवटा नवा कोरा, मेणाला अजून वास होता. तो अमारांतच्या तोंडावर बांधला गेला. त्याने घसा साफ केला, टोग्याची घडी खांद्यावर सरकवली, आणि पलंग उचलायला आलेला एक गडी घाबरून दोन पावलं मागे गेला.

तेवढ्यात अंगणात कारभारी टोप्या वाटायला लागला. मेलेल्या मालकाने मृत्युपत्रात ज्यांना मोकळं केलेलं असतं, ते गुलाम लोकरीची उंच टोपी घालून प्रेतापुढे चालतात. लोक मोजतात, केवढा दिलदार माणूस होता म्हणतात. माळ्याला टोपी मिळाली, वाचून दाखवणाऱ्याला मिळाली, म्हाताऱ्या दरवानाला मिळाली. दरवान तर आता धड चालूही शकत नव्हता. क्रेस्ते रांगेत पुढे आली. तिने केस आधीच नीट बांधून ठेवले होते, टोपी बसावी म्हणून.

"तू नाहीस यात," कारभारी म्हणाला.

"नीट बघा ना, काका."

"बघितलं. तू धन्यांच्या लेकीला, ताईसाहेबांना दिलीयस. कापुआला जायचंय तुला, त्यांचे केस करायला. पुढल्या बाजाराच्या दिवशी गाडी निघेल."

तिने नुसतं दिवाणखान्याकडे बघितलं. तिथे तिचा बाप तिच्या मालकाचं तोंड लावून उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

वेतुरियसचा मुलगा क्विंटस खांबापाशी होता. तिशीचा, देखणा, हसतमुख. वाईट माणूस नव्हे तो, हे मला सांगावंच लागेल. वाईट असता तर शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. अमारांत त्याच्यापुढे जाऊन अडखळत म्हणाला, "धाकटे धनी, चूक झालीय. क्रेस्ते. मोठ्या धन्यांनी मला शब्द दिला होता."

"मला नाही बोलले कधी." क्विंटसला बापाच्या तोंडाकडे बघून बोलणं अवघड जात होतं. "साक्षीला कोण होतं?"

"फिदेस होती, धनी."

"मग तिला बोलावून आण," क्विंटस म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "अरे, बाबा सगळ्यांनाच बोलायचे रे काहीबाही. आज नको. आज त्यांचा दिवस आहे. चल, मोठं कर त्यांना."

शिंगं वाजली. मी केस सोडले आणि सूर लावला.

पहिले काही रस्ते अमारांतने काहीच केलं नाही. नुसता चालला. लोक कुजबुजायला लागले, आज याला काय झालंय म्हणून. यात्रेची व्यवस्था बघणारा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "तुझ्या सोंगाड्याला जिवंत कर जरा." पण फोरमच्या चौकात आलो, गर्दी दिसली, आणि अमारांतचं अंग आपणहून कामाला लागलं. गुडघा लंगडला. कानाची पाळी चोळली गेली. एका सावकाराला बघून त्याने छताकडे बघितलं, आणि वर छत नाही हे कळून तो दचकला. चौक हसला. "वेतुरियस! वेतुरियसच की हा!" लोक ओरडले. टकलावर हसले, घोरण्यावर हसले. जे ठरलं होतं ते तो इमानाने करत होता, आणि वेतुरियस खरोखरच गोड म्हातारा वाटायला लागला होता.

मग तो थांबला. प्रेताचा पलंग व्यासपीठापाशी टेकवला होता. पूर्वजांचे मुखवटे घातलेले सोंगाडे हस्तिदंती खुर्च्यांवर बसले होते. टोपीवाले एका बाजूला होते आणि त्यांच्या मागे घरातले बाकीचे गुलाम. अमारांत त्यांच्यातून वाट काढत क्रेस्तेपाशी गेला. म्हाताऱ्या दरवानाच्या डोक्यावरची टोपी काढून त्याने तिच्या डोक्यावर ठेवली आणि वेतुरियसच्या आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं बोलला.

"रोमच्या लोकांनो, ही क्रेस्ते. हिच्या बापाला मी शब्द दिलाय. मी मेलो त्या दिवशी ही मोकळी. आज मी मेलोय." आणि त्याने उजवा हात पुढे केला. "हा माझा उजवा हात."

क्षणभर चिडीचूप. मला वाटलं, लागलं. लोकांना कळलं. आता कोणीतरी मोठा माणूस पुढे येऊन क्विंटसला म्हणेल, बापाचा शब्द पाळ बाबा.

आणि मग चौक फुटला. इतकं हसणं मी कुठल्याच मयताला ऐकलेलं नाही. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते.

"हात काढला! शेवटी हात काढला रे!"

"मला पण दिला होता! घरात नळ येणार होता माझ्या, अजून विहिरीवर जातोय!"

"माझ्या पोराला पलटणीत घेणार होता. पोराला नातवंडं झाली!"

"माझं छप्पर!" एक बाई डोळे पुसत किंचाळली. "म्हातारड्या, माझं छप्पर कधी?"

अमारांतचा हात तसाच पुढे होता. गर्दीतून एकाने आपला उजवा हात वर केला, मग दुसऱ्याने, मग जिकडे तिकडे हातच हात. वेतुरियसने ज्यांना ज्यांना शब्द दिला होता ते सगळे ते हात हलवून हसत होते. आणि मागून एक मासळीवाला, खच्चून, अगदी आनंदाने ओरडला:

"अरे, कापड कुठंय? कापड गुंडाळायला विसरलास की! माझ्या वेळी पांढरं कापड गुंडाळलं होतं!"

"माझ्या वेळी पण!"

"आणि डोळ्यांत बघ की! असं डोळ्यांत बघायचा तो!"

अमारांतचा हात खाली आला. मुखवट्यावर तेच प्रसन्न हसू होतं, मेणाचं. त्याची बोटं मानेमागच्या गाठीकडे गेली आणि गाठीवरच थांबली. मला कळलं त्याला काय करायचंय. मुखवटा काढून सांगायचं होतं, की हे सोंग नाही, हे खरं आहे. पण मुखवटा काढला की उरतो कोण? अमारांत सोंगाड्या, ज्याची साक्ष चालत नाही. मुखवटा ठेवून बोलावं तर लोक हसणार, काढून बोलावं तर कोणी ऐकणार नाही. क्रेस्तेने डोक्यावरची टोपी काढली, नीट झटकली आणि दरवानाच्या हातात दिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पुरे आता."

व्यवस्था बघणाऱ्याने मला कोपर मारलं. "रड की! तुझी वेळ झाली!" मी तोंड उघडलं. सूर आला नाही. पैसे घेऊन रडण्यात माझा जन्म गेला, पण त्या चौकात माझ्याच्याने रडवेना. मला संताप आला होता. त्या पलंगावर आरामात आडव्या पडलेल्या माणसाला उठवून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. शेवटी माझ्या मागच्या बायकांनी सूर उचलला आणि यात्रा पुढे सरकली.

चिता विझल्यावर मुखवटे परत करायला आम्ही त्या घरी गेलो. अमारांतने वेतुरियसचा चेहरा सोडून कपाटात ठेवला. आता तो पूर्वज झाला. त्या घरात कोणीही मेलं की तो चेहरा बाहेर निघणार, आणि तो चालवणारा माणूस एकच. क्विंटस हसत हसत आला. रडून आणि हसून त्याचे डोळे लाल झाले होते.

"अमारांत, काय काम केलंस! तो हात! अख्खं रोम तेवढंच बोलतंय. बाबा असते तर त्यांनाही हसू आवरलं नसतं."

क्रेस्ते दाराशी होती. क्विंटसची नजर तिच्याकडे गेली आणि तो जरा ओशाळला. त्या क्षणी त्याला मनापासून काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, हे मी शपथेवर सांगते.

"हे बघ, ताईला शब्द गेलाय, कापुआला तिला जावंच लागेल. पण मी ताईशी बोलेन. तू माझं पण सोंग काढ. असंच, झकास. मी गेलो त्या दिवशी तुझी मुलगी मोकळी." त्याने हात पुढे केला. "हा माझा उजवा हात."

मी अमारांतकडे बघत होते. मला वाटलं, आता हा थुंकेल. निदान पाठ फिरवेल. क्रेस्ते दारातून म्हणाली, "बाबा, चला." तो हलला नाही. तो त्या हाताकडे बघत होता, मान जरा तिरपी करून, राईत नवं सोंग बसवताना बघायचा तसा.

"धनी, तुमचा अंगठा आत वळतो," तो म्हणाला. "मोठ्या धन्यांचा बाहेर असायचा."

"बघितलंत!" क्विंटस आम्हा सगळ्यांकडे बघून हसला. "गडी आत्ताच कामाला लागला!"

अमारांतने चौरंगावरचं हात पुसायचं पांढरं कापड उचललं. क्विंटसचा हात त्यात गुंडाळला. एक घडी, दुसरी घडी, बोटांपर्यंत, कुठे सुरकुती राहू दिली नाही. मग तो हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि क्विंटसच्या डोळ्यांत बघितलं. क्विंटसनेही बघितलं. पापणी लवली नाही.

रस्त्यावर आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "लाज नाही वाटली? तोच हात, तेच कापड!"

"मग काय करू, नेविया?" तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरं काय आहे?"

बाजाराच्या दिवशी क्रेस्ते गाडीत बसून कापुआला गेली. भट्टीवाला वेशीपर्यंत आला होता, पोळी घेऊन. तिने ती घेतली, आणि आता थांबू नकोस म्हणून त्याला सांगितलं.

अमारांत अजून रोज पहाटे त्या दिवाणखान्यात रांगेत मागे उभा राहतो. हल्ली त्याला खोकला आहे, जिना चढताना भिंतीला धरतो. चालतो मात्र ताठ, छाती काढून, भराभर. म्हातारा गुडघा तसा चालायला तयार नसतो, पण क्विंटस तसाच चालतो. क्विंटस अजून पस्तिशीचाही नाही. त्याचे सगळे दात शाबूत आहेत, आणि थंडीतसुद्धा तो रोज सकाळी टायबर नदी पोहून जातो.